'फितूर' : ठाण्याच्या किल्ल्यात तपासलेले एक विशेषण

१/ इतिहासावर वाद घालताना ज्या एका विशेषणाने आपण माणसाचा निकाल क्षणात लावतो, ते म्हणजे 'फितूर'. हा शब्द काय सांगतो आणि काय झाकतो, हे तपासण्यास ठाण्याचा किल्ला फार उपयोगी आहे. आज तेथे मध्यवर्ती कारागृह आहे. #थ्रेड

२/ मूळ शब्द अरबी 'फुतूर', म्हणजे शैथिल्य. हिंदीत 'फितूर' म्हणजे खूळ किंवा वेड. मराठीत ढिली पडली ती निष्ठा. फितूर म्हणजे आतून शत्रूस मिळालेला. 'फतवा' या शब्दाशी त्याचे नाते नाही. त्याचा धातू निराळा.

३/ मराठीत तो नाम आहे तसाच विशेषणही. त्याच कुळात फितणे, फितविणे, फितुरी, फंदफितुरी. शेजारी 'नमकहराम', म्हणजे खाल्ल्या मिठाला न जागणारा. आणि 'घरभेदी', म्हणजे घरचे मर्म परक्यास सांगणारा.

४/ फितूर होण्यास मात्र दोन बाजू लागतात : एक सोडलेली, एक धरलेली. हे विशेषण बहुधा सोडलेली बाजूच लावते. त्यामुळे ते ऐकताच विचारावे : बोलणारा कोठे उभा आहे?

५/ १७३७. साष्टी बेट पोर्तुगीजांकडे; ठाण्याच्या किल्ल्याचे बांधकाम अपुरे. अंजूरचे गंगाजी नाईक आणि त्यांचे बंधू यांनी धार्मिक जाचाने गांजलेल्या प्रजेची गाऱ्हाणी पेशव्यांपर्यंत नेली होती. चिमाजी आप्पांच्या मोहिमेत ठाणे मराठ्यांच्या हाती आले. 'साष्टीची बखर' या नाईकांच्या खटपटीची हकीकत सांगते.

६/ पोर्तुगीज सत्तेच्या दृष्टीने ही उघड फितुरी. साष्टीच्या प्रजेच्या दृष्टीने सुटका. मराठीत गंगाजींना कोणी फितूर म्हणत नाही. कृती तीच, राज्यकर्त्याच्या शत्रूशी संधान. पण विशेषण गळून पडले.

७/ १७७४. आता किल्ला मराठ्यांचा आणि डोळा मुंबईकर इंग्रजांचा. इंग्रजांच्या नोंदींप्रमाणे ठाण्याच्या किल्लेदाराने पैसे घेऊन किल्ला देण्याची बोलणी चालविली होती. इतक्यात मराठ्यांची कुमक आली आणि सौदा फिसकटला.

८/ डिसेंबरात इंग्रजांनी हल्ला केला. पहिला प्रयत्न शिबंदीने परतविला. पुढच्या हल्ल्यात किल्ला पडला आणि शिबंदीतील बहुतेक माणसे कापली गेली. पुढे मार्च १७७५ च्या सुरतेच्या तहात रघुनाथरावांनी साष्टी इंग्रजांना लिहून दिली. 'ठाणे फितुरीने गेले' असे एका वाक्यात म्हटले, की लढून मेलेली ही बिननावाची माणसे त्या वाक्यात पुन्हा मरतात.

९/ १८१५ मध्ये गंगाधरशास्त्री पटवर्धनांचा खून झाला. त्या आरोपावरून त्रिंबकजी डेंगळे यांना इंग्रजांनी याच किल्ल्यात ठेविले. एतद्देशीय पहारेकरी फितूर होतील, या भयाने पहारा केवळ युरोपियनांचा ठेवला.

१०/ तीच खबरदारी अंगाशी आली. एका इंग्रज अधिकाऱ्याचा मराठा मोतद्दार घोडा फिरविताना खिडकीखाली मराठीत गाणे म्हणे. पलायनाचा बेत त्या गाण्यात होता. पहारेकऱ्यांना मराठी कळत नव्हते. सप्टेंबर १८१६ मध्ये त्रिंबकजी निसटले.

११/ तो मोतद्दार इंग्रजाचे मीठ खात होता, म्हणून नमकहराम? की पेशवाईच्या माणसास सोडविणारा, म्हणून इमानी? आणि ज्याला सोडविले त्याच्यावर खुनाचा आरोप होता, त्याचे काय? इमान आणि न्याय एकाच वाटेने जातातच असे नाही.

१२/ याचा अर्थ फितुरी हा केवळ दृष्टिभ्रम आहे, असा नव्हे. पैशासाठी आपली शिबंदी विकू पाहणारा आणि जाचातून सुटण्यासाठी मदत मागणारा यांत अंतर आहेच. मात्र ते विशेषणाने दिसत नाही. कोणाचे कोणाशी काय बांधलेले होते, मोबदला कोणास मिळाला आणि किंमत कोणी मोजली, हे विचारावे लागते.

१३/ आज हा शब्द अधिक वाचावयास मिळतो तो न्यायालयीन बातम्यांत : 'साक्षीदार फितूर'. ठाण्याचे जिल्हा न्यायालय त्या जुन्या किल्ल्याजवळच आहे. तेथे निष्ठा ना धन्याशी, ना मिठाशी. ती शपथेवर सांगितलेल्या सत्याशी. इतिहास वाचणाऱ्याचीही तीच असावी. (समाप्त)