तळटीप : चंदीगडची खुर्ची
* १९५०च्या दशकात नव्या राजधानीतील सरकारी कचेऱ्यांसाठी पिएर जानरे आणि सहकाऱ्यांनी घडवलेली हातांची खुर्ची. (शहराची आखणी करणारे वास्तुविशारद ल कॉर्ब्युझिए यांच्या नात्यातले जानरे १९६५पर्यंत चंदीगडलाच राहिले.) सागवानी चौकट, वेताने विणलेली बैठक आणि पाठ, बाजूचे पाय उलट्या ‘व्ही’सारखे वर जुळतात, तिथेच हात टेकतो. वेतातून हवा खेळत असल्याने उन्हाळ्यातही पाठीला घाम धरत नाही. पुढे या खुर्च्या भंगारात निघाल्या, परदेशी व्यापाऱ्यांनी त्या नेल्या आणि लिलावांत त्यांना लाखोंचा भाव आला. आजच्या दिवाणखान्यात त्या शोभतात त्या या प्रामाणिक बांधणीमुळेच. कारकुनांच्या रोजच्या बसण्यासाठी झालेले हे काम आम्हाला तिथल्या इमारतींइतकेच मोलाचे वाटते. त्यात वास्तुविशारद यूली चौधरी यांचाही वाटा होता, हे आवर्जून नोंदवायला हवे. – संपा.