ख्रिस्ती धर्मातील तारण : देणगी की कमाई?

येशू ख्रिस्ताबरोबर क्रुसावर खिळलेल्या दोन गुन्हेगारांपैकी एकाने अखेरच्या घटकेला 'माझी आठवण ठेव' अशी विनवणी केली आणि त्याच दिवशी नंदनवनात स्थान मिळण्याचे आश्वासन त्याला लाभले, असा प्रसंग लूकच्या शुभवर्तमानात आहे. त्याचा ना बाप्तिस्मा झाला होता, ना त्याच्या गाठी पुण्य होते. मत्तयच्या शुभवर्तमानातील अंतिम न्यायाचे चित्र मात्र वेगळे आहे. भुकेल्याला अन्न, उघड्याला वस्त्र, आजाऱ्याची व कैद्याची विचारपूस या कसोटीवर तेथे माणसांची निवड होते. स्वर्गप्रवेश ही ईश्वराची देणगी की आचरणाचे फळ, या प्रश्नावर पुढे शतकानुशतके जो वाद झाला, त्याची बीजे या दोन प्रसंगांत दिसतात.

मराठी बायबलमध्ये यासाठी 'तारण' हा शब्द येतो. व्यवहारात तारण म्हणजे कर्जापोटी ठेवलेली वस्तू. येथे मात्र 'तारणे' म्हणजे वाचविणे हा अर्थ अभिप्रेत आहे. हिंदू परंपरेतील मोक्ष म्हणजे जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका. ख्रिस्ती श्रद्धेनुसार जन्म एकच. त्यानंतर न्याय आणि शेवटी पुनरुत्थान. येशूच्या मृत्यूमुळे व पुनरुत्थानामुळे पापी मनुष्याला ईश्वराच्या सान्निध्याचा मार्ग खुला झाला, याविषयी सर्व प्रमुख पंथांचे एकमत आहे. मतभेद आहेत ते मनुष्याच्या वाट्याला येणाऱ्या भागाविषयी.

मनुष्य स्वतःच्या इच्छाशक्तीने निष्पाप जीवन जगू शकतो, असे पाचव्या शतकाच्या आरंभी पेलॅजियसने प्रतिपादिले. संत ऑगस्टीनने त्याला कडाडून विरोध केला आणि इ. स. ४१८ मध्ये कार्थेजच्या धर्मसभेने पेलॅजियसचे मत त्याज्य ठरविले. कृपेवाचून तारण नाही, हा सिद्धान्त पाश्चात्त्य चर्चमध्ये तेव्हापासून दृढ झाला.

पुढे पापांबद्दलच्या शिक्षेतून सूट देणारी क्षमापत्रे पैसे घेऊन दिली जाऊ लागली. त्याविरुद्ध १५१७ मध्ये मार्टिन ल्यूथरने ९५ प्रमेये मांडली. मनुष्य केवळ श्रद्धेने नीतिमान ठरतो. सत्कृत्ये ही त्या श्रद्धेची फळे होत, तारणाची किंमत नव्हे, अशी त्याची शिकवण होती. ट्रेंटच्या परिषदेने १५४७ मध्ये कॅथलिक भूमिका स्पष्ट केली. आरंभ कृपेनेच होतो. मात्र मनुष्याने त्या कृपेला स्वेच्छेने साथ द्यावी लागते आणि श्रद्धेला प्रीतीची जोड हवी, असे तिने सांगितले. ईश्वराच्या कृपेत मृत्यू पावलेल्या, परंतु पूर्णतः शुद्ध न झालेल्या आत्म्यांसाठी स्वर्गापूर्वी शुद्धीकरणाची अवस्था असते, असेही कॅथलिक मानतात. २ नोव्हेंबर या मृतांच्या स्मरणदिनी मुंबई, वसई आणि गोव्यातील दफनभूमींत फुले, मेणबत्त्या व प्रार्थना दिसतात, त्यामागे हीच श्रद्धा आहे. प्रॉटेस्टंट पंथांना ती सामान्यतः मान्य नाही. ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये तारणाकडे न्यायनिवाड्यापेक्षा ईश्वरी जीवनात उत्तरोत्तर सहभागी होण्याची प्रक्रिया म्हणून पाहिले जाते.

बाप्तिस्मा आणि आंतरिक श्रद्धा यांतील अंतराची साक्ष महाराष्ट्रातही मिळते. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. मात्र त्या वेळी आपल्याला ख्रिस्ताचा धर्म गवसला, प्रत्यक्ष ख्रिस्त अनेक वर्षांनी भेटला, अशा आशयाची कबुली त्यांनी १९०७ मधील आपल्या आत्मनिवेदनात दिली. केडगाव येथील त्यांच्या संस्थेचे नावच 'मुक्ती' आहे.

येशूचे नावही न ऐकलेल्यांचे काय, हा प्रश्न सर्वांत नाजूक. स्वतःच्या दोषावाचून शुभवर्तमानापासून दूर राहिलेल्या, परंतु प्रामाणिकपणे ईश्वराचा शोध घेणाऱ्या आणि सद्‌विवेकानुसार वागणाऱ्या व्यक्तींनाही तारण मिळू शकते, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये म्हटले. बाप्तिस्म्यापूर्वी दगावलेल्या अर्भकांच्या तारणाची आशा बाळगण्यास सबळ आधार आहे, असा निर्वाळा व्हॅटिकनच्या ईशज्ञान आयोगाने २००७ मध्ये दिला. मूल गमावलेल्या आईबापांसाठी तो मोठा दिलासा होता. अनेक इव्हँजेलिकल पंथ मात्र येशूवरील व्यक्तिगत श्रद्धा अनिवार्य मानतात.

३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतील ऑग्सबर्ग येथे कॅथलिक चर्च आणि ल्यूथरन जागतिक महासंघ यांनी संयुक्त घोषणापत्रावर स्वाक्षऱ्या केल्या. ईश्वर मनुष्याचा स्वीकार करतो तो त्याच्या पुण्याईमुळे नव्हे, तर केवळ कृपेने. आणि ती कृपाच त्याला सत्कृत्यांस प्रवृत्त करते, हे उभयतांनी मान्य केले. मेथडिस्टांनी २००६ मध्ये त्यास संमती दिली. सर्व मतभेद त्यामुळे मिटले नाहीत. परंतु क्रुसावरचा गुन्हेगार आणि भुकेल्याला अन्न देणारा हात यांना परस्परविरोधी मानण्याचे कारण बरेच उणावले.