मलुंगा: ‘लु’ की ‘लं’?

पनवेलजवळ पळस्पे फाट्यावर रस्ता दुभंगतो. एक घाट चढायला पुण्याकडे जातो, दुसरा पेण-वडखळ करत कोकणात उतरतो. वडखळला उजवीकडे वळलं की अलिबाग, रेवदंडा आणि मग मुरुड. मुरुडच्या समुद्रातल्या जंजिऱ्यामुळे शिद्दी हे नाव मराठी घराघरांत पोचलं. ‘शिद्दी’ आलं अरबी ‘सय्यिदी’वरून, ‘हबशी’ आलं ‘हबश’ म्हणजे आजच्या इथिओपियाच्या जुन्या नावावरून, आणि जंजिरेकरांच्या मुलखाला आपल्याकडे ‘हबसाण’च म्हणत. हबशी सरदार मलिक अंबर (मृत्यू 1626), जंजिऱ्याचं आरमार, 1948 साली संपलेलं संस्थान हे सगळं आपल्याला ठाऊक असतं. आफ्रिकी माणसांच्या तलवारीची आपण इतकी नोंद ठेवली. त्यांच्या तारेची मात्र ठेवली नाही. ती तार आज गुजरातेत, भरूच जिल्ह्यातल्या रतनपूरच्या बावा गोर दर्ग्याच्या परिसरातल्या सिद्दी (म्हणजे तिकडच्या शिद्दी) फकिरांकडे सापडते. तिचं नाव मलुंगा.

मलुंगा म्हणजे वाजवायचं धनुष्य. बांबूची कांब वाकवून तिच्या दोन टोकांना एक तार ताणलेली असते. कांबीच्या खालच्या भागात एक कोरडा, तोंड कापलेला भोपळा असतो, आणि सगळी गंमत तो बांधण्याच्या रीतीत आहे. भोपळ्यातून निघालेला दोरीचा फास तारेला पकडतो आणि तिला कांबीकडे ओढून धरतो. त्यामुळे एकाच तारेचे दोन असमान तुकडे पडतात, आणि बारीक काडीने मारल्यावर ते वेगवेगळ्या उंचीच्या सुरांत बोलतात. ही रचना ध्यानात ठेवा, कारण हे वाद्य आणि त्याचं नाव आफ्रिकेचं की इथलं, हा पुढचा वाद बराचसा याच फासावर टांगलेला आहे.

हुबेहूब असंच वाद्य ब्राझीलमध्ये कापोइराच्या खेळात वाजतं. तिथे त्याचं नाव बेरिंबाव. बेरिंबावचं कुळ सरसकट ‘पश्चिम आफ्रिका’ म्हणून सांगितलं जातं. नेमकं बोलायचं तर ते त्याच किनाऱ्यावर, पण खाली दक्षिणेला अंगोलात आहे. तिथे त्याचे भाऊबंद हुंगू आणि म्बुलुंबुंबा या नावांनी वाजतात. बेरिंबाव हा शब्द मुळात पोर्तुगिजांनी मोरचंगासाठी वापरलेला, असं काहींचं मत आहे. म्हणजे वाद्य आफ्रिकेचं आणि बारसं युरोपच्या शब्दाने. पण मला खिळवून ठेवलं ते दुसऱ्याच एका ब्राझिली शब्दाने: मालुंगो. एकाच जहाजात कोंबून आणलेले गुलाम एकमेकांना मालुंगो म्हणत. रॉबर्ट स्लेनेस या इतिहासकाराने हा शब्द मध्य आफ्रिकेच्या बांटू भाषांपर्यंत नेला आहे. त्याच्या मुळाशी होडीचा अर्थ आहे. भरूचचा मलुंगा आणि ब्राझीलचा मालुंगो एकाच मुळाचे आहेत, असा दावा मी करणार नाही. एक वाद्य आहे, दुसरा सोबती. पण ‘मा’ उपसर्ग आणि पुढे धातू, ही ठेवण बांटू भाषांत पावलोपावली भेटते. ‘मारिंबा’ हे नाव त्याच साच्यातलं. मलुंगा या साच्यात चपखल बसतो.

या बांटू व्युत्पत्तीला मोठा प्रतिस्पर्धी आहे, आणि तो पनवेलकरांच्या डोळ्यांसमोरच उभा आहे: मलंगगड. मलंग म्हणजे घरदार सोडलेला फकीर. मलुंगा वाजवत दारोदार भिक्षा मागत फिरणारेही फकीरच. मग मलंगांचं वाद्य ते मलंगा, आणि ‘लु’ ही इंग्रजी लेखनाची करामत! इंग्रजीत ‘यू’ हे अक्षर आपल्या ‘अ’साठी येतंच, पंजाब आणि मुलुंड त्या एकाच अक्षराने लिहितात. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण मलंग या शब्दात ‘अ’ दोनदा येतो. जुन्या इंग्रजी रीतीने तो लिहायचा तर बहुधा दोन्ही जागी ‘यू’ आला असता. मलुंगाच्या लेखनात पहिल्या जागी ‘ए’ आहे आणि दुसऱ्या जागी ‘यू’. एकाच शब्दातल्या एकाच ध्वनीला लिहिणारा दोन अक्षरं का देईल? शिवाय आपल्या भाषांच्या वळणाने मलंगाची वस्तू ‘मलंगी’ व्हायला हवी होती.

आणि हा शब्द एकटा नाही. सिद्दींच्या नाचगाण्याला ‘गोमा’ म्हणतात. तो स्वाहिलीतला ‘न्गोमा’, म्हणजे ढोल आणि ढोलावरचा नाच. त्यांचा उभा, पायांवरचा ढोल ‘मुगरमान’, तोही आपल्याकडच्या ढोल-ताशांच्या नावांत कुठेच बसत नाही. उलट त्याच नाचाला ‘धमाल’ म्हणतात तेव्हा शब्द सूफी परंपरेतला असतो. भक्तीचे शब्द इथे घेतले, वाद्यांची नावं घरून आणली, अशी ही वाटणी मला दिसते. मलुंगा दुसऱ्या वाट्यातला.

धनुष्य तर आपल्याकडेही वाजतं, असंही कुणी म्हणेल. खरं आहे. तमिळ विल्लुपाट्टूत भलंमोठं धनुष्य मडक्यावर टेकवून वाजवतात. आपल्या वारल्यांच्या घांगळीला तर दोन भोपळे असतात. पण घांगळीचे भोपळे बांबूला खालून बांधलेले. तारेला ते शिवतही नाहीत. तंबोऱ्याचा भोपळाही तारेला घोडीवरूनच भेटतो. तार पकडून तिचे दोन तुकडे करणारा फास यांपैकी कशातच नाही. तो मोझांबिक आणि अंगोलाच्या धनुष्यांत आहे. भोपळा कुठेही पिकतो, पण ही गाठ कुणीतरी शिकवावी लागते.

मोझांबिकची माणसं पोर्तुगीज जहाजांतून गुलाम म्हणून गोवा, दमण आणि दीवला आली. वसई 1739पर्यंत आणि रेवदंडा 1740पर्यंत त्याच पोर्तुगिजांकडे होतं. म्हणून मलुंग्याची वाट जंजिऱ्याच्या हबशी सरदारांकडून आली नसावी, पोर्तुगिजांच्या गोद्यांतून आणि स्वयंपाकघरांतून आली असावी, असं माझं ठाम अनुमान आहे. इथिओपियाची मुख्य भाषा बांटू कुळातली नाही, मोझांबिकच्या भाषा आहेत. शब्दाची साक्षही त्याच बाजूने पडते. तसं असेल तर हे धनुष्य कधीकाळी रेवदंड्याच्या कोटातही वाजलं असेल.

मलुंगा वाजवणारे हात आता फार थोडे उरले आहेत. रेवदंडा, मुरुड किंवा श्रीवर्धनकडे कुणाच्या माळ्यावर भोपळा बांधलेलं जुनं धनुष्य असेल, तर ते टाकून देण्याआधी दोरीचा फास तारेला धरतो का, ते पाहा. आणि घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाकडून त्याचं नाव म्हणवून घ्या. ‘लु’ की ‘लं’, तेवढं नीट ऐकून लिहून ठेवा.