शेळीने सोडलेला पाला

उंट रुई सोडतो, शेळी फक्त खडा सोडते, अशा आशयाची एक गुजराती म्हण आहे. अडुळशाचे नाव मात्र निराळी साक्ष देते. तमिळमधील ‘आडुतोडा’, म्हणजे शेळी न शिवणारा, यावरून लिनीअसने १७५३ मध्ये ‘आधाटोडा’ हे नाव स्वीकारले. राखणाऱ्यांचे निरीक्षण असे शास्त्रात टिकले.

दक्षिण अमेरिकेतून आलेल्या बेशरमाविषयी असे पूर्वसंचित नाही. चाराटंचाईत शेळीला त्याची चटक लागते. काही आठवड्यांत अंग कापते, पाय अडखळतात. म्हणून श्रोतेहो, शेळी खाते ते निर्धोक, हा समज सोडावा. तरसालीच्या परिसरात शेळ्या राखणाऱ्यांचा अनुभव, तो विरण्यापूर्वी, आपल्या शाळेने लिहून ठेवावा.