मांडीवरचा वाचक

दीड-दोन वर्षांच्या मुलांचे आईबाबा पुस्तकांबद्दल एकच तक्रार निरनिराळ्या शब्दांत करतात. तो बसतच नाही. ती भराभर पानं उलटते. गोष्ट सुरू केली की पुस्तक ओढून तोंडात घालतो. आणि मग ठरलेला निष्कर्ष: ‘अजून गोडी नाही, जरा मोठा झाला की बघू.’ आमच्या भागातल्या एका छोट्या बालवाचनालयात मी शनिवारी सकाळी लहानग्यांना पुस्तकं वाचून दाखवते. त्यामुळे हे वाक्य मला वरचेवर ऐकू येतं. त्यामागे एक गृहीतक आहे. मोठ्यांनी वाचायचं आणि लहानांनी गप्प बसून ऐकायचं, म्हणजे वाचून दाखवणं. हे गृहीतक जुनं आहे आणि ते मोडायला फार वेळ लागला.

आपल्याकडे ते कुठून आलं असावं, याचा अंदाज करणं कठीण नाही. पोथी एकजण वाचायचा, बाकीचे हात जोडून ऐकायचे. पुढे मराठीत मुलांसाठी छापील पुस्तक आलं तेही शाळेबरोबर. सदाशिव काशिनाथ छत्रे यांची इसापनीती १८२८ची. ती अक्षरओळख झालेल्या मुलासाठी होती. त्याहून लहान मुलाला काहीच मिळत नव्हतं असं मात्र नाही. त्याच्यासाठी बडबडगीतं होती, बोटांचे खेळ होते, चिऊ-काऊची गोष्ट होती. तिथे कुणी त्याला गप्प बसायला सांगत नसे. तो मध्येच ‘काव काव’ करी, तेव्हाच गोष्टीला रंग चढे. पण ही दोन खाती वेगळी राहिली. मांडीवर गाणं, बाकावर पुस्तक.

ही खाती एकत्र आणता येतील, हे युरोपात फार आधी एकाला सुचलं होतं. मोराव्हियात जन्मलेले शिक्षणतज्ज्ञ कोमेनियस यांचं ‘ऑर्बिस सेन्सुअलियम पिक्टस’ हे सचित्र पुस्तक १६५८ साली न्यूरेंबर्गला छापलं गेलं. मुळात ते लॅटिन शिकवण्यासाठी. पण त्याच्या सुरुवातीची मुळाक्षरं प्राण्यांच्या आवाजांतून येतात: चित्रात कावळा, शेजारी त्याचं ओरडणं आणि त्या आवाजाचं अक्षर. प्रस्तावनेत कोमेनियस सुचवतात की, मुलं शाळेत जाण्याआधीच हे पुस्तक घरी त्यांच्या हातात द्यावं आणि चित्रं त्यांना हवी तशी बघू द्यावीत. ‘हवी तशी’ हा त्यातला महत्त्वाचा भाग.

त्यानंतर मुलांच्या पुस्तकांचा धंदा वाढला, पण पुस्तक तोंडात घालणारा वाचक बराच काळ कुणाच्या हिशेबात नव्हता. १९०३ साली लंडनमध्ये डीन्स रॅग बुक ही कंपनी सुरू झाली आणि तिने कापडावर छापलेली, धुता येणारी पुस्तकं बाजारात आणली. मुलाची सवय बदलण्याऐवजी कागद बदलला. वरवर ही व्यापारातली युक्ती, पण चावणं आणि ओढणं हीसुद्धा पुस्तकाशी ओळख करून घेण्याची रीत आहे, हे तिने मान्य केलं होतं.

पुस्तकाचं शरीर असं बदललं, तरी आतला मजकूर बदलायचा होता. ते काम न्यूयॉर्कमध्ये झालं. लूसी स्प्रेग मिचेल यांनी १९१६ साली तिथे ब्यूरो ऑफ एज्युकेशनल एक्सपेरिमेंट्स ही संस्था काढली. पुढे ती ज्या रस्त्यावर गेली त्यावरून तिला बँक स्ट्रीट म्हणू लागले. १९१९पासून तिथे हॅरिएट जॉन्सन यांनी एक बालशाळा चालवली. तिच्यात सव्वा ते तीन वर्षांची मुलं असत. या मुलांनी काय ऐकावं हे ठरवण्याआधी ती स्वतः काय बोलतात, हे तिथे लिहून ठेवलं जाई. त्यातून दिसलं की, दोन वर्षांच्या मुलाला दूरदेशीच्या राजकन्येपेक्षा स्वतःचे बूट, जिना, रस्त्यावरची गाडी यांचं नवल जास्त असतं. त्याला कथानकाची घाई नसते. त्याला आवाज हवा असतो, तेच ते पुन्हा हवं असतं. मिचेलबाईंचं ‘हिअर अँड नाऊ स्टोरी बुक’ १९२१ साली याच पायावर उभं राहिलं.

त्याच शहरात दुसरं मतही होतं. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीच्या बालविभागाच्या प्रमुख अ‍ॅन कॅरोल मूर यांचा शब्द मुलांच्या पुस्तकांत अखेरचा मानला जाई. त्यांना खलनायिका ठरवणं अन्यायाचं होईल. मुलांना ग्रंथालयाचे दरवाजे उघडून देणाऱ्या पिढीतल्या त्या अग्रणी होत्या. पण मुलांना द्यायचं ते उत्तम साहित्य, परीकथा आणि लोककथा, असा त्यांचा आग्रह होता. बूट आणि जिने यांत त्यांना साहित्य दिसेना.

बँक स्ट्रीटवर शिकलेल्या मार्गारेट वाइज ब्राउन यांचं ‘गुडनाइट मून’ १९४७ साली आलं. चित्रं क्लेमेंट हर्ड यांची. त्यात घडत काहीच नाही. सशाचं पिल्लू अंथरुणात आहे आणि खोलीतल्या एकेका वस्तूचा निरोप घेतला जातो. खोली हळूहळू अंधारत जाते, घड्याळाचे काटे सरकतात, आणि रंगीत पानांवर एक छोटा उंदीर दर वेळी वेगळ्या जागी सापडतो. मूर तेव्हा निवृत्त झाल्या होत्या, पण त्यांची आवडनिवड ग्रंथालयात टिकून होती. पुस्तक घेतलं गेलं नाही. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीत ते आलं थेट १९७२ साली. २०२० मध्ये त्या ग्रंथालयाने आजवर सर्वाधिक नेल्या गेलेल्या दहा पुस्तकांची यादी जाहीर केली, तेव्हा ‘गुडनाइट मून’चा वेगळा उल्लेख करून ही दिरंगाई स्वतःच सांगितली.

पंचवीस वर्षं हे पुस्तक अडलं ते ‘गोष्ट’ या शब्दाच्या अर्थावर, असं मला वाटतं. मोठा वाचक त्यात कथानक शोधतो. दीड वर्षाचं मूल उंदीर शोधतं. उंदीर सापडला की ते बोट दाखवतं, आपण ‘अरे, इथे लपला होय!’ म्हणतो, आणि त्या क्षणी वाचन झालेलं असतं.

हे नुसतं माझं म्हणणं नाही. १९७८ साली अनात निनिओ आणि जेरोम ब्रूनर यांनी एका आईच्या आणि तिच्या मुलाच्या चित्रपुस्तक बघण्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. मूल आठ महिन्यांचं असल्यापासून दीड वर्षाचं होईपर्यंतच्या नोंदी त्यात होत्या. आई लक्ष वेधते, ‘हे काय?’ विचारते, नाव सांगते, मुलाने काहीही केलं तरी दाद देते. मूल नुसतं हसलं किंवा बडबडलं तरी ती ते उत्तर समजते. म्हणजे शब्द येण्याआधीच त्याला संभाषणातली आपली पाळी कळू लागते. पुढे १९८८ साली ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी पावणेदोन ते तीन वर्षांच्या मुलांच्या घरी महिनाभर एक प्रयोग केला. वाचन दोन्ही गटांत होत होतं. फरक एवढाच, की एका गटातले पालक वाचताना मोकळे प्रश्न विचारत, मुलाच्या अर्ध्या शब्दाचं वाक्य करून देत आणि त्याला बोलायला जागा देत. बोलण्याच्या चाचण्यांत हा गट पुढे गेला. नऊ महिन्यांनंतरही तो फरक, कमी होऊन का होईना, टिकला होता.

आमच्या वाचनालयात एक आजी नातीला घेऊन येतात. पहिल्या दिवशी दारातच म्हणाल्या, “ताई, मला काय वाचता येत नाही. तुम्हीच दाखवा हिला.” मी दुसऱ्या मुलांत गुंतले होते. थोड्या वेळाने पाहिलं तर नात मांडीवर आणि पुस्तक उलटं. आजी म्हणत होत्या, “मनी कुठं गेली गं? खाटंखाली? बघ बरं.” नात पान मागे उलटून मांजर शोधत होती. छापलेला एकही शब्द तिथे वाचला गेला नव्हता, पण निनिओ-ब्रूनर यांनी नोंदवलेला सगळा क्रम तिथे होता. चिऊ-काऊची गोष्ट सांगणाऱ्या आजीला तो कुणी शिकवावा लागत नाही. तिच्या हाती पुस्तक मात्र द्यावं लागतं.

ते कुणी द्यायचं, याचंही उदाहरण इतिहासात आहे. १९९२ साली बर्मिंगहॅममध्ये ‘बुकस्टार्ट’ ही योजना तीनशे कुटुंबांपासून सुरू झाली. बाळाच्या आरोग्यतपासणीच्या वेळी आईबाबांना मोफत पुस्तक दिलं जाई. पाठपुराव्याचा अभ्यास लहानच होता, पण ही मुलं शाळेत आली तेव्हा तुलनेच्या मुलांपेक्षा पुढे दिसली. योजना पुढे देशभर पसरली.

आपल्याकडे अंगणवाडी आहे. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. तिथे तीन वर्षांखालच्या बाळाचं वजन होतं, पोषण आहार मिळतो. तोंडात घातलं तरी टिकेल असं जाड पुठ्ठ्याचं एक मराठी पुस्तक त्या पिशवीत का असू नये? ‘जरा मोठा झाला की बघू’ हे वाक्य एखाद्या घरात बोललं जातं, तेव्हा एका मुलाची दोन वर्षं जातात. तेच धोरण झालं, तर पिढ्यांची जातात.