टेक्सासमधील पूर्वमतदान आणि पक्षांचे ‘पोल वॉचर’

अमेरिकेत मतदानाचा अधिकृत दिवस एक असला, तरी अनेक राज्यांत त्याच्या कितीतरी आधीपासून केंद्रावर जाऊन मत देता येते. २०२४ च्या अध्यक्षीय निवडणुकीचा दिवस ५ नोव्हेंबर होता. टेक्सासमधील पूर्वमतदान मात्र २१ ऑक्टोबर ते १ नोव्हेंबर या काळात झाले. या काळात केंद्रात बसून कामकाजावर लक्ष ठेवणाऱ्या राजकीय प्रतिनिधीला तेथे ‘पोल वॉचर’ म्हणतात.

त्याची नेमणूक उमेदवार किंवा पक्षाचा काउंटी अध्यक्ष करू शकतो. पूर्वमतदानाच्या प्रत्येक केंद्रासाठी सात जण नेमता येतात. पण एका वेळी दोघांपेक्षा अधिक जणांना कामावर राहता येत नाही. वॉचर नोंदणीकृत मतदार असावा लागतो. त्या निवडणुकीतील उमेदवार, निवडून आलेला लोकप्रतिनिधी आणि निवडणूकविषयक गुन्ह्यात दोषी ठरलेली व्यक्ती अपात्र ठरते. राज्य सचिवांच्या कार्यालयाचे प्रशिक्षण पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र आणि नेमणूकपत्र केंद्रप्रमुखाला दाखवावे लागते. मतदानात व्यत्यय आणणार नाही व मतदारांना त्रास देणार नाही, अशी शपथही घ्यावी लागते.

कामकाज दिसेल व ऐकू येईल इतक्या अंतरावर बसण्याचा वा उभे राहण्याचा, तसेच लेखी टिपणे घेण्याचा त्याला हक्क आहे. ध्वनी वा चित्र टिपणारे उपकरण मात्र वापरता येत नाही. मतदाराशी निवडणुकीबाबत बोलण्यास बंदी आहे. अधिकाऱ्याशीही केवळ गैरप्रकार निदर्शनास आणण्यापुरतेच बोलता येते. मतदार मत नोंदवत असताना वॉचरला त्याच्याजवळ थांबता येत नाही. निवडणूक अधिकारी मतदाराला मदत करत असेल, तर मात्र वॉचर तेथे उपस्थित राहू शकतो.

या नियमांना २०२१ च्या ‘सिनेट बिल १’ने नवे वळण दिले. या विधेयकाला विरोध म्हणून डेमोक्रॅटिक आमदारांनी जुलैमध्ये राज्य सोडून वॉशिंग्टन गाठले आणि सभागृहाची गणसंख्या मोडली. तरीही विधेयक मंजूर झाले आणि ७ सप्टेंबरला गव्हर्नर ग्रेग ॲबट यांनी त्यावर स्वाक्षरी केली. त्यानुसार वॉचरला केंद्रात मुक्तपणे फिरण्याचा हक्क मिळाला. निवडणूक कायद्याचा भंग अधिकाऱ्याने किंवा कर्मचाऱ्याने स्वतः पाहिल्याखेरीज त्याबद्दल वॉचरला बाहेर काढता येत नाही. फौजदारी गुन्हा किंवा शांतताभंग असल्यास ही अट नाही. वॉचरची अडवणूक करणाऱ्या अधिकाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद व चार हजार डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. समर्थकांच्या मते यामुळे पारदर्शकता वाढली. तर केंद्रप्रमुखाचे हात बांधले गेल्याने मतदारांवर, विशेषतः अल्पसंख्याकांवर दडपण येईल, असा विरोधकांचा आक्षेप आहे.

भारतातील मतदान प्रतिनिधीशी तुलना केल्यास एक फरक ठळकपणे जाणवतो. आपल्याकडे प्रतिनिधी दोन रुपये अनामत भरून मतदाराच्या ओळखीवर आक्षेप घेऊ शकतो आणि केंद्राध्यक्ष त्याची चौकशी करतो. टेक्सासच्या वॉचरला असा थेट आक्षेप घेण्याचा अधिकार नाही; त्याने पाहावे, नोंदवावे आणि अधिकाऱ्याला सांगावे, एवढेच अपेक्षित आहे. मतमोजणीवर पराभूत पक्षाचाही विश्वास बसावा, यासाठी त्याची उपस्थिती हवी. पण तिच्या धाकाने एकही मतदार रांगेतून परत फिरता कामा नये. या दोन गरजांचा तोल हाच या नियमांचा खरा कस आहे.