ब्रुटाले : इटालियन दुचाकीचा आडदांड तोरा

दुचाकी म्हणजे घर ते कचेरी हा प्रवास कमीत कमी पेट्रोलमध्ये उरकण्याचे साधन, अशी आपल्याकडची सर्वसाधारण धारणा आहे. इटलीत मात्र दुचाकीकडे शिल्पाच्या नजरेने पाहण्याची एक निराळी परंपरा आहे. त्या परंपरेचे ठळक उदाहरण म्हणजे ‘एमव्ही ऑगस्टा’ कंपनीची ‘ब्रुटाले ८००’ ही मोटारसायकल. ‘ब्रुटाले’ या इटालियन शब्दाचा अर्थ क्रूर, पाशवी. पुढे झुकलेला दिवा, फुगीर टाकी, एकदम तुटक संपणारी शेपूट आणि उजव्या बाजूने एकावर एक रचलेल्या धुराच्या तीन नळ्या पाहिल्या की हे नाव सार्थ वाटते. उभी असतानाही ती झेप घेण्याच्या पवित्र्यात असल्याचा भास होतो. मात्र या देखण्या यंत्रामागे कंपनीच्या अस्तित्वाचा दीर्घ संघर्ष आहे, आणि त्या कथेचे धागे थेट पुण्यापर्यंत येतात.

विमानाच्या कारखान्यातून

हेलिकॉप्टर खरेदीच्या वादामुळे भारतीय वाचकांना परिचित झालेले ‘ऑगस्टा’ हे नाव मुळात याच घराण्याचे. जोव्हान्नी ऑगस्टा यांनी मिलानच्या वायव्येला, कॅशिना कोस्टा येथे विमानांचा कारखाना उभारला. दुसऱ्या महायुद्धातील पराभवानंतर इटलीतील विमाननिर्मितीवर बंधने आली. कामगारांच्या हाताला काम देण्यासाठी ऑगस्टा कुटुंब १९४५ मध्ये दुचाकीकडे वळले. ‘एमव्ही’ म्हणजे ‘मेकॅनिका व्हेर्गेरा’. व्हेर्गेरा हे शेजारच्या गावाचे नाव. कंपनीच्या पहिल्या ९८ सीसी दुचाकीला ‘व्हेस्पा’ हे नाव द्यायचे घाटत होते. परंतु पियाजिओ कंपनीने ते आधीच नोंदविले असल्याने तो बेत सोडावा लागला.

काउंट डोमेनिको ऑगस्टा यांना शर्यतींचे विलक्षण वेड होते. १९५८ ते १९७४ अशी सलग १७ वर्षे ५०० सीसी गटातील विश्वविजेता स्वार एमव्ही ऑगस्टाच्याच गाडीवर होता. जॉन सर्टीज, गॅरी हॉकिंग, माइक हेलवुड, जाकोमो अगोस्तिनी आणि फिल रीड हे ते विजेते. अगोस्तिनींच्या १५ जगज्जेतेपदांपैकी १३ याच कंपनीच्या गाड्यांवर मिळविलेली आहेत. डोमेनिको यांचे १९७१ मध्ये निधन झाले. १९७६ नंतर कंपनी शर्यतींतून बाहेर पडली आणि काही वर्षांतच निर्मितीही थंडावली.

उघड्या अंगाची गाडी

शर्यतीच्या धाटणीच्या गाड्यांना वारा कापण्यासाठी प्लास्टिकचे कवच असते. ते नसलेली, इंजिन आणि सांगाडा उघडा ठेवणारी गाडी म्हणजे ‘नेकेड’ मोटारसायकल. अपघातात कवच मोडलेल्या वेगवान गाड्या युरोपातील तरुण तशाच चालवू लागले, त्यातून ‘स्ट्रीटफायटर’ हा प्रकार लोकप्रिय झाला. १९९२ मध्ये डुकाटीने मिगेल गालुझ्झी यांनी रेखाटलेली ‘मॉन्स्टर’ सादर केली आणि या प्रकाराला इटलीत प्रतिष्ठा लाभली.

त्या काळी डुकाटीची मालकी कास्तिलिओनी बंधूंच्या ‘काजिव्हा’ समूहाकडे होती. १९९० च्या दशकाच्या प्रारंभी याच समूहाने एमव्ही ऑगस्टाचे नाव विकत घेतले. डुकाटी ९१६ घडविणारे मास्सिमो तांबुरिनी यांनी १९९७ मध्ये एमव्हीसाठी ‘एफ४’ ही गाडी साकारली. तिचेच कवच उतरवून, तिला नवा चेहरा देऊन २००१ मध्ये ‘ब्रुटाले ७५०’ अवतरली. तांबुरिनींचे २०१४ मध्ये निधन झाले. परंतु त्यांनी आखलेली ब्रुटालेची मुद्रा पुढच्या पिढ्यांनी जपली.

तीन सिलिंडरचे इंजिन

आरंभीच्या ब्रुटालेत चार सिलिंडरचे इंजिन होते. २०१२ मध्ये ‘ब्रुटाले ६७५’ आणि २०१३ मध्ये ‘ब्रुटाले ८००’ या तीन सिलिंडरच्या, आटोपशीर भगिनी आल्या. अगोस्तिनींनी १९६० च्या दशकात गाजविलेल्या गाड्याही तीन सिलिंडरच्याच होत्या. नव्या इंजिनाची क्षमता ७९८ सीसी. सिलिंडरचा व्यास ७९ मिलिमीटर, तर पिस्टनचा प्रवास अवघा ५४.३ मिलिमीटर. आखूड प्रवासामुळे पिस्टन अतिशय वेगाने वरखाली होऊ शकतो आणि इंजिन चढ्या फेऱ्यांवर खुलते.

या इंजिनाचे खरे वैशिष्ट्य त्याच्या क्रँकशाफ्टमध्ये आहे. बहुतेक मोटारसायकलींत तो चाकांच्याच दिशेने फिरतो. येथे तो उलट फिरतो. वेगाने फिरणारी वस्तू आपली दिशा सोडायला राजी नसते, हे लट्टू फिरविणाऱ्या मुलालाही ठाऊक असते. चाके एका दिशेने आणि क्रँकशाफ्ट विरुद्ध दिशेने फिरल्यास हा हट्ट काही अंशी परस्पर कमी होतो आणि गाडी वळणावर चटकन कलते. शर्यतीच्या यंत्रांतील हे तंत्र रस्त्यावरील गाडीत विरळाच आढळते.

आकडे काय सांगतात?

२०१३ च्या आवृत्तीची शक्ती १२५ अश्वशक्ती आणि टॉर्क ८१ न्यूटन-मीटर होता. युरोपात धूर व आवाजाचे ‘युरो ४’ निकष येताच २०१६ मध्ये गाडीची फेररचना झाली. शक्ती ११६ अश्वशक्तीवर घसरली. मात्र टॉर्क ८३ न्यूटन-मीटर झाला आणि तो ८,६०० ऐवजी ७,६०० फेऱ्यांवरच मिळू लागला. कागदावर हे नुकसान वाटते. प्रत्यक्ष रस्त्यावर मात्र मधल्या फेऱ्यांतील जोरच अधिक कामी येतो. सर्वोच्च शक्तीचा मोह असलेल्यांसाठी १४० अश्वशक्तीची ‘आरआर’ ही आवृत्ती होतीच.

पोलादी नळ्यांचा जाळीदार सांगाडा, मागचे चाक एकाच बाजूने पेलणारा स्विंगआर्म, पुढे मारझोक्कीचे ४३ मिलिमीटरचे फोर्क, मागे सॅक्सचा शॉक ॲब्झॉर्बर आणि ब्रेम्बोच्या ३२० मिलिमीटर व्यासाच्या दोन डिस्क, असा तिचा सरंजाम. क्लच न दाबता गिअर वरखाली करण्याची सोय २०१६ च्या आवृत्तीत आली. पेट्रोल व तेलाशिवाय वजन १७५ किलो.

दोषही नमूद करायला हवेत. सुरुवातीच्या गाड्यांत ॲक्सिलरेटर किंचित पिळताच गाडी हिसका देते, अशी टीका समीक्षकांनी केली होती. नंतर संगणकीय प्रणालीत सुधारणा झाल्या. मागची बैठक नावापुरती आहे. सहकुटुंब सहलीसाठी ही गाडी नाही.

मालक बदलत गेले

यंत्र जितके भक्कम, तितकीच कंपनीची तिजोरी नाजूक राहिली. २००८ मध्ये अमेरिकेच्या हार्ले-डेव्हिडसनने सुमारे १० कोटी ९० लाख डॉलर मोजून एमव्ही ऑगस्टा घेतली. दोनच वर्षांनी, २०१० मध्ये, हार्लेने ती क्लॉडिओ कास्तिलिओनी यांना अवघ्या एका युरोला परत दिली; वर खेळते भांडवल म्हणून दोन कोटी युरोही ठेवले. गंमत अशी की, काजिव्हाच्या दुचाकीनिर्मितीचा प्रारंभच १९७८ मध्ये हार्लेच्या मालकीचा वारेझे सरोवराकाठचा कारखाना विकत घेऊन झाला होता.

क्लॉडिओ २०११ मध्ये निवर्तले आणि सूत्रे पुत्र जोव्हान्नी यांच्याकडे आली. २०१४ मध्ये मर्सिडीजच्या ‘एएमजी’ने २५ टक्के हिस्सा घेतला. तरीही २०१६ मध्ये कंपनीला धनकोंपासून न्यायालयीन संरक्षण मागावे लागले. पुढे रशियन सार्दारोव्ह कुटुंबाने पैसा ओतला. २०२२ मध्ये ऑस्ट्रियाच्या केटीएम समूहाने २५.१ टक्के भाग घेतला आणि २०२४ मध्ये बहुमतही मिळविले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये केटीएमच दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आली! २०२५ च्या प्रारंभी एमव्ही ऑगस्टा पुन्हा सार्दारोव्ह यांच्याकडे गेली. केटीएमला सावरण्यासाठी ८० कोटी युरोंची व्यवस्था केली ती आकुर्डीच्या बजाज ऑटोने.

पुण्याचा धागा

एमव्ही ऑगस्टाला भारतात आणले तेही पुण्याच्याच उद्योगसमूहाने. १९७२ मध्ये ‘लुना’ देऊन मध्यमवर्गाला चाके पुरविणाऱ्या फिरोदिया घराण्याच्या कायनेटिक समूहाने २०१६ मध्ये या महागड्या गाड्यांची विक्री सुरू केली. २०१७ मध्ये ‘ब्रुटाले ८००’ दाखल झाली. शोरूममधील किंमत १५ लाख ५९ हजार रुपये. त्याच वर्षी आलेली, तीनच सिलिंडरची ट्रायम्फ ‘स्ट्रीट ट्रिपल एस’ साडेआठ लाखांना मिळत होती. हा फरक कामगिरीचा नव्हे, तर घडणीचा आणि दुर्मीळतेचा होता. १ एप्रिल २०२० पासून ‘बीएस-६’ निकष लागू झाले आणि जुन्या निकषांच्या गाड्यांच्या विक्रीवर पडदा पडला.

जुनी ब्रुटाले घेऊ इच्छिणाऱ्याने म्हणूनच अश्वशक्तीआधी सुट्या भागांची चौकशी करावी. सेवा-नोंदींची वही, आयातीची कागदपत्रे आणि हे इंजिन खरोखर जाणणारा कारागीर, या तीन गोष्टी हाती असल्याखेरीज व्यवहार करू नये. कंपनीचा मालक बदलला की सर्वांत आधी खोळंबते ते एखादे साधे गॅस्केट, आणि त्याच्यावाचून लाखोंचे यंत्र ताडपत्रीखाली उभे राहते. सौंदर्य जपण्याचा खर्च त्याच्या किमतीत धरलेला नसतो, हेच ब्रुटाले सांगते.